टिपणवही: एकटी फाइल बरी की सर्व्हर?

शाईचा_डाग
मंडळी, टिपणं ठेवायच्या सॉफ्टवेअरवर इथे सुटे सुटे प्रतिसाद बरेच आहेत, पण नेमका हा प्रश्न कुठे सापडला नाही, म्हणून वेगळा धागा.

सध्या टिडलीविकीची (ब्राउझरमध्ये उघडणारी टिपणवही) एकच एचटीएमएल फाइल आहे. सुमारे ४००० टिपणं, बहुतेक मराठी, शिवाय पावत्यांचे आणि फळ्यावरच्या मजकुराचे फोटो आतच चिकटवलेले. फाइल ३८ एमबी झालीये. लॅपटॉपवर सेव्ह करताना गोठते, फोनवर तर उघडतानाच रडते. डोक्यात असलेले पर्याय:

१. आहे तीच फाइल, डागडुजी करून.
२. घरी रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त संगणक, पुढे नुसता 'पाय') आणून त्यावर टिडलीविकीची सर्व्हरसारखी चालणारी नोड-जेएस आवृत्ती.
३. तीच आवृत्ती भाड्याच्या सर्व्हरवर.
४. टिडलीविकीला रामराम, साध्या मजकूर-फाइली.

अटी: लोकलमध्ये आणि भुयारी मेट्रोत रेंज नसतानाही वाचता-लिहिता आलं पाहिजे. लॅपटॉप विंडोज, फोन अँड्रॉइड. ऑफिसच्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायला बंदी. मराठीत शोध नीट चालला पाहिजे. लिहिणारा मी एकटाच.

माझा कल एकट्या फाइलीकडे आहे. स्वतःच्या वहीसाठी सर्व्हर म्हणजे पानं उलटायला पगारी शिपाई ठेवल्यासारखं वाटतं. खोडून काढा.

कटिंग_अर्धा
दोनशे पानी वही. चार्जिंग लागत नाही, इन्स्टॉल करावी लागत नाही, आयटीवाले अडवत नाहीत. धागा बंद करा.

बोरिवली_स्लो
सर्व्हरचं नंतर बघू. आधी ३८ एमबीचा हिशोब लावा.

टिडलीविकीची कोरी फाइल साधारण अडीच एमबीची असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या कूटलेखनात ३ बाइट खातं. टिपणाला सरासरी ५०० चिन्हं धरली तर ४००० टिपणांचे झाले ६ एमबी. म्हणजे साडेआठ. उरलेले २९-३० एमबी तुमचे फोटो आहेत. त्यातही मूळ फोटो २२ एमबीच्या आसपासच असणार, कारण एचटीएमएलमध्ये चित्र बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, ठेवावं लागतं आणि त्यात ३ बाइटांचे ४ होतात.

आता गोठण्याचं कारण: एकट्या फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खी फाइल नव्याने लिहिली जाते. ऑटोसेव्ह चालू असेल तर टिपणाच्या प्रत्येक बरोबरच्या खुणेला ३८ एमबी.

उपाय:
फाइलीच्या शेजारी 'चित्रे' नावाचं फोल्डर करा. एकेक चित्र बाहेर काढून त्यात टाका. मग त्या चित्राच्या टिडलरमधला (टिडलर म्हणजे टिडलीविकीतलं एक टिपण) मजकूर पूर्ण रिकामा करा, प्रकार जेपेग किंवा पीएनजी जो असेल तो तसाच ठेवा आणि '_कॅनॉनिकल_यूआरआय' हे फील्ड जोडून त्यात 'चित्रे/अमुक.जेपीजी' असा सापेक्ष पत्ता द्या. पूर्ण पत्ता, म्हणजे सी-ड्राइव्हपासूनचा, दिलात तर फोनवर एकही चित्र दिसणार नाही. टिडलरचं नाव बदलू नका, म्हणजे जिथे जिथे चित्र वापरलंय तिथे हात लावावा लागत नाही.

हे झालं की फाइल नऊ एमबीच्या आत येईल. कंट्रोल पॅनेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोसेव्ह बंद करा, कंट्रोल-एसची सवय लावा. मोबदल्यात 'एकच फाइल उचलली की झालं' हे सुख जातं. फोल्डर मागे राहिलं की चित्राच्या जागी तुटकी चौकट.

सॉकेट७
बोरिवली_स्लो, डागडुजी छान, पण मूळ दुखणं तसंच राहिलं. नऊ एमबी म्हणजे तरी दर सेव्हला अख्खी फाइलच.

नोड आवृत्तीत प्रत्येक टिपण ही स्वतंत्र 'टिड' फाइल असते. बदललं तेवढंच लिहिलं जातं. वर काही शीर्ष-फील्डं, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. त्या फोल्डरवर गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवून तासातासाला नोंद करायला लावली की कुठल्याही टिपणाचं जुनं रूप परत काढता येतं. एकट्या फाइलीवर गिट लावून बघा, प्रत्येक बदलाला हजारो ओळींचा राडा.

उभारणी सोपी आहे. नोड-जेएस टाकायचं, त्याच्यासोबत येणाऱ्या एनपीएम या इन्स्टॉलरने टिडलीविकी टाकायची, 'इनिट सर्व्हर' आज्ञेने फोल्डर करायचं, 'लिसन' आज्ञेने चालू करायचं. ८०८० पोर्टावर उघडते. मूळ मांडणीत ती १२७.०.०.१ वरच ऐकते, म्हणजे त्याच मशीनपुरती. घरातल्या फोनवरून उघडायची तर होस्टला ०.०.०.० द्यावं लागतं, आणि इथेच लोक युजरनेम-पासवर्ड द्यायला विसरतात. दिला तरी साधा बेसिक-ऑथ आहे, एचटीटीपीएस नसेल तर पासवर्ड जवळजवळ उघडाच जातो.

विजेचं रडगाणं कोणी सुरू करण्याआधी: पाय ५ वॅट धरा. चोवीस तास, तीस दिवस, ३.६ युनिट. फ्रिजचं दार जरा वेळ उघडं राहिलं तर त्याहून जास्त जातील, असं आमच्या घरात सांगून टाकायचं.

पैसे खर्च करायचे तर दोन जागी करा. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा नीट अ‍ॅडॉप्टर. ड्रॉवरमधला जुना मोबाइल चार्जर लावला की स्क्रीनवर विजेची खूण येते, म्हणजे व्होल्टेज पडतंय. दुसरं, एसडी कार्डाऐवजी यूएसबी एसएसडी. लिहिता लिहिता वीज गेली की कार्डाची फाइल-सिस्टिम बिघडते.

चौथीसीट
@सॉकेट७, धागाकर्त्याची पहिली अट वाचलीत का? रेंज नसताना लिहिता आलं पाहिजे.

नोड आवृत्ती ब्राउझरमध्ये उघडली आणि नेट गेलं, तर टॅब उघडा आहे तोवर वाचता येतं, लिहिताही येतं. पण लिहिलेलं सर्व्हरकडे पोचलेलं नसतं, नुसतं टॅबच्या मेमरीत असतं. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, फोन आला, कॅमेरा लावला, की अँड्रॉइड मागचा टॅब मारतो. परत आलात की पान नव्याने मागवलं जातं आणि दादर ते ठाणे लिहिलेलं सगळं गेलं. ब्राउझर-स्टोरेज नावाचं अधिकृत प्लगइन यावर थोडा उतारा आहे, बदल फोनच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवतं, पण तिथे साधारण ५ एमबीची मर्यादा असते. चार फोटो चिकटवले की संपलं.

दुसरं, घरच्या पायपर्यंत बाहेरून पोचणार कसे? मुंबईत घरगुती इंटरनेट जोडण्यांपैकी कित्येक सीजी-नॅटच्या (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायची सोय) मागे असतात. राउटरवर पोर्ट-फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरून काही आत येत नाही. तपासायचं असं: राउटरच्या पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, किंवा 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवर वेगळाच दिसत असेल, तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका.

विंडोसीट
चौथ्या सीटवर बसून टायपिंग करणाऱ्याला आधी साष्टांग दंडवत. आमचा तर तिथे एक हात पण आपला नसतो.

चौथीसीट
@विंडोसीट, म्हणूनच टिपणं लहान असतात.

सॉकेट७
सीजी-नॅटचा मुद्दा मान्य, पण तो सुटलेला प्रश्न आहे. टेलस्केल (आपल्या यंत्रांचं खाजगी जाळं बनवणारं सॉफ्टवेअर) पायवर आणि फोनवर टाका, दोघांना १००.६४ च्याच पट्ट्यातला खाजगी पत्ता मिळतो, पोर्ट उघडायची गरज नाही. आतून वायरगार्ड आहे, त्यामुळे सगळी वाहतूक कूटबद्ध, वरून वेगळं एचटीटीपीएस नसलं तरी चालतं. आणि पाय इंटरनेटवर उघडा राहत नाही हा बोनस.

टॅब मरण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. लोकलपुरतं फोनवर एखाद्या साध्या नोट-अ‍ॅपमध्ये लिहा, घरी येऊन चिकटवा.

चौथीसीट
म्हणजे ऑफलाइन वही पाहिजेच. मग तीच का नको?

डबाफिरता
ऑफिस लॅपटॉपच्या अटीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

टेलस्केल तिथे टाकता येणार नाही, तेव्हा घरचा पाय तिथून दिसणार नाही. एकटी एचटीएमएल फाइल मात्र ब्राउझरमध्ये उघडते, इन्स्टॉल काहीच नाही. अडचण सेव्हची. ब्राउझर पानाला स्वतःची फाइल लिहू देत नाही, त्यामुळे प्रत्येक सेव्ह म्हणजे एक डाउनलोड. महिन्याभराने डाउनलोड्समध्ये 'डायरी', 'डायरी (१)', 'डायरी (१७)' अशी रांग, आणि ताजी कुठली ते तारखेवरून ओळखायचं. कुणीतरी सवयीने पहिलीच उघडतो, त्यात लिहितो, आणि दोन फांद्या फुटतात.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारा' चालू करा. मग सेव्हच्या वेळी मूळ फाइल निवडून तिच्यावरच लिहिता येतं. घरच्या लॅपटॉपवर टिमिमी एक्स्टेंशन टाका, ते जागच्या जागी सेव्ह करतं आणि जुन्या प्रतीही ठेवतं. त्याला शेजारी एक छोटा प्रोग्रॅम लागतो, म्हणून ऑफिसात चालणार नाही.

पूर्वी फायरफॉक्सवर टिडलीफॉक्स होतं, काम चोख होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं, जुन्या धाटणीची एक्स्टेंशनं बंद झाली आणि ते मेलं. एकट्या फाइलीचं हेच दुखणं आहे. वाचायला वीस वर्षांनीही उघडेल, पण सेव्ह करणं ब्राउझरवाल्यांच्या मर्जीवर.

आणि खरं सांगायचं तर खाजगी वही कंपनीच्या मशीनवर ठेवूच नये. राजीनामा दिल्या दिवशी लॅपटॉप जमा होतो. ऑफिसात फोन बाजूला ठेवून त्यावर लिहा.

फणसपोळी
चौथा पर्याय कोणी हातातच घेतला नाही, म्हणून माझी भर.

साध्या मार्कडाउन (मथळे-दुव्यांच्या सोप्या खुणा असलेला मजकूर) फाइलींचं एक फोल्डर. लॅपटॉपवर ऑब्सिडियन, फोनवर ऑब्सिडियन (अशा फाइली लिहायचं सॉफ्टवेअर), मध्ये यंत्रांतली फोल्डरं थेट जुळवणारं सिंकथिंग. दोन्हीकडे पूर्ण प्रत असते, त्यामुळे रेंजचा संबंधच नाही. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी फाइली नोटपॅडमध्ये उघडतात.

सिंकथिंग लावताना:
– अँड्रॉइडचं मूळ अधिकृत अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबवलं गेलं. सिंकथिंग-फोर्क घ्या.
– फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्याला 'अनिर्बंध' करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की ते झोपतं.
– '.ऑब्सिडियन' फोल्डरातली वर्कस्पेस फाइल दुर्लक्ष-यादीत टाका. कुठला टॅब उघडा आहे एवढंच तिच्यात असतं आणि ती सारखी बदलते, त्यामुळे निम्मे वाद तिचेच.
– फाइल-व्हर्जनिंग (जुन्या प्रती ठेवणं) 'स्टॅगर्ड' ठेवा.

आता बिघडतं कुठे ते. सिंकथिंगला दोन्ही यंत्रं एकाच वेळी जागी लागतात. सकाळी गाडीत फोनवर टिपण बदललं, लॅपटॉप घरी बंद. रात्री लॅपटॉप उघडला आणि सिंक व्हायच्या आत तेच टिपण बदललं, की झाली टक्कर. ज्या प्रतीची बदलाची वेळ जुनी तिचं नाव बदललं जातं: मूळ नाव, पुढे 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख, वेळ आणि यंत्राची सात अक्षरं. काहीही हरवत नाही, पण हाताने जुळवावं लागतं. आठवड्यातून एकदा 'कॉन्फ्लिक्ट' शोधा.

टक्कर टाळायची तर तिसरं, कायम चालू असणारं यंत्र मध्ये ठेवायचं. जुना फोन चार्जरला लावून ठेवला तरी चालतो, किंवा पाय.

सॉकेट७
आला की नाही शेवटी सर्व्हर मागच्या दाराने!

फणसपोळी
@सॉकेट७, फरक आहे दादा. तुमचा पाय बंद पडला की वही बंद. माझा पाय बंद पडला तर फक्त टपाल उशिरा पोचतं. मूळ प्रत तिन्हीकडे आहे.

लोकलचा_पास
अनुमोदन फणसपोळीताई. कंपनीच्या सर्व्हरवरही हाच धोका. डिसेंबर २०२३ मध्ये एव्हरनोट या टिपण-सेवेने फुकट खात्यांना ५० टिपणं आणि एक वही अशी मर्यादा घातली. तोवर शेकडो टिपणं जमवलेल्यांना पुढे काही लिहायचं तर पैसे भरा नाहीतर निर्यात करा.

मात्रावेलांटी
'मराठीत शोध नीट चालला पाहिजे' ही अट सगळ्यांनी सोडून दिली. खरं भांडण तिथे आहे.

पहिलं, एकच अक्षर दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतं. 'दऱ्या', 'कैऱ्या' मधला ऱ घ्या. काही कीबोर्ड तो युनिकोड क्रमांक यू+०९३१ हा स्वतंत्र ऱ अधिक हलंत असा देतात. काही साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा शून्यरुंदी जोडक देतात. आणखी कुठे र अधिक नुक्ता येतो. पडद्यावर तिन्ही सारखे, शोधात तिन्ही वेगळे. तीच गोष्ट 'अ‍ॅप' आणि 'ॲप'ची: एकात अ, जोडक आणि चंद्र, दुसऱ्यात यू+०९७२ हे एकच चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. लॅपटॉपवर एका कीबोर्डने आणि फोनवर दुसऱ्याने लिहिलं की स्वतःचीच टिपणं स्वतःला सापडत नाहीत. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (रूपं एकसारखी करणं) केलं तर र अधिक नुक्ता सरळ होतो, पण जोडकवाली रूपं तशीच राहतात. ती वेगळ्या शोधा-बदलाने काढावी लागतात: 'र, हलंत, जोडक' च्या जागी 'ऱ, हलंत', आणि 'अ, जोडक, चंद्र' च्या जागी 'ॲ'. सगळे जोडक सरसकट उडवू नका, अर्धी अक्षरं मुद्दाम सुटी दाखवायलाही तो वापरतात.

दुसरं, शोधसूची. टिडलीविकीचा शोध अक्षरशः असतो, लिहिलं तसं सापडतं, मात्रांचा घोळ नाही. फाइलींत शोधणारे ग्रेप किंवा रिपग्रेपही तसेच. पण जी अ‍ॅप एसक्यूलाइट या डेटाबेसची एफटीएस-५ शोधसूची मूळ मांडणीत वापरतात, तिथे युनिकोड-६१ नावाचा तुकडे पाडणारा असतो. तो अक्षरं आणि अंक एवढ्यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, वेलांटी, हलंत ही युनिकोडच्या लेखी 'चिन्हं', म्हणून तिथे शब्द तुटतो. 'पूल' चे होतात प आणि ल. 'पाल' चेही प आणि ल. सायनचा पूल शोधायला जावं तर भिंतीवरची पाल पण हजर.

नवं अ‍ॅप घेण्याआधी ही परीक्षा घ्या: एका टिपणात फक्त 'पूल', दुसऱ्यात फक्त 'पाल'. 'पूल' शोधा. दोन्ही आली तर समजा. जॉपलिन या टिपणांच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधशब्दाआधी तिरकी रेघ दिली की साधा शोध होतो, जरा हळू पण सरळ.

तिसरं, फाइलींची नावं. लिनक्स आणि अँड्रॉइडवर नावाची मर्यादा २५५ बाइट, अक्षरं नव्हे. देवनागरी चिन्हाला ३ बाइट म्हणजे ८५ चिन्हं, आणि त्यात काना-मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजायचे. 'मुंबई महानगरपालिका मालमत्ता कर पावती' एवढ्या शीर्षकाचेच १०० बाइट होतात. विंडोजवर २५५ चिन्हं चालतात, त्यामुळे लॅपटॉपवर लांबलचक शीर्षक बिनबोभाट बनतं आणि फोनवर 'नाव फार मोठं' म्हणून सिंक अडकतं. शीर्षक हेच फाइलनाव असणाऱ्या सगळ्या अ‍ॅपना हे लागू, ऑब्सिडियनलाही.

विंडोसीट
वाखुसा (वाचनखूण साठवली)! पाल-पूल परीक्षा आत्ताच केली. पाल आली.

कटिंग_अर्धा
वहीत पूल शोधला की पूलच मिळतो. कधीतरी संध्याकाळपर्यंत.

सव्वाशेर
@कटिंग_अर्धा, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या कपाटांत ज्या वह्या होत्या त्यांचा लगदा झाला. तेव्हा प्रत दुसऱ्या गावात पाहिजे, मग ती कागदाची असो की डिस्कची.

इथे सगळे सिंकबद्दल बोलताहेत, बॅकअपबद्दल कोणी नाही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून फोल्डर पुसलं तर सिंक ते इमानदारीत लॅपटॉपवरही पुसतं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. टिपणांचं ओझं एवढं कमी असतं की रेस्टिक या बॅकअप-प्रोग्रॅमने कूटबद्ध करून नाशिक-पुण्याच्या नातेवाइकाकडच्या मशीनवर रोज रात्री पाठवायला काही मिनिटं पुरतात. दर तिमाहीला एक फाइल परत काढून उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप मोजायचा नाही.

सर्व्हरवाल्यांसाठी: १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबईची वीज काही तास गेली होती. तेव्हा पायला यूपीएस लावणार असाल तर आउटपुट बघून घ्या. राउटरसाठी मिळणारे बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पायला ५ व्होल्ट लागतात.

लोकलचा_पास
अवांतर: तो ५ व्होल्टवाला यूपीएस मुंबईत कुठे मिळेल?

बोरिवली_स्लो
लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोडला उतरून पूर्वेला चालत. दुकानातच लोड लावून बघा आणि पक्कं बिल मागा, नाहीतर बदलून देताना ओळख विसरतात.

सॉकेट७
सव्वाशेर काका, बॅकअपबद्दल शंभर टक्के. त्यात एक भर: डेटाबेसवाली अ‍ॅप वापरत असाल, म्हणजे जॉपलिन, ट्रिलियम वगैरे, तर त्यांची एसक्यूलाइट फाइल थेट सिंकथिंगच्या किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात ठेवू नका. अ‍ॅप चालू असताना मुख्य फाइलीशेजारी 'वॅल' नावाची दुसरी फाइल असू शकते, ताजे बदल तिच्यात असतात. दोन्ही वेगवेगळ्या क्षणी कॉपी झाल्या की पलीकडे डेटाबेस फुटतो. अ‍ॅपचं स्वतःचं सिंक वापरा.

जॉपलिनची रचना या बाबतीत चांगली आहे. प्रत्येक यंत्रावर पूर्ण वही, सर्व्हर फक्त देवाणघेवाणीला. तोही वेबडॅव, नेक्स्टक्लाउड, ड्रॉपबॉक्स कुठलाही. एंड-टू-एंड कूटबद्धता चालू केली की सर्व्हरवाल्याला मजकूर कळत नाही. टक्कर झालेली टिपणं 'कॉन्फ्लिक्ट्स' वहीत पडतात. आणि सिंकमधल्या फाइलींची नावं ३२ अक्षरी सांकेतिक असतात, त्यामुळे मात्रावेलांटींचा २५५ बाइटांचा मुद्दा तिथे येत नाही.

चौथीसीट
म्हणजे सॉकेटराव आता ऑफलाइन पार्टीत?

सॉकेट७
पार्टी तीच आहे. सर्व्हरला काय काम द्यायचं एवढाच प्रश्न.

मधली_सुट्टी
घरातले चौघं एकच वही लिहिणार असतील तर? दूधवाला, सोसायटी, मुलांचे क्लास, औषधं.

बोरिवली_स्लो
तिथे बेलाशक सर्व्हर. पण टिडलीविकीची नोड आवृत्ती नको. तिच्यात दोघांनी एकच टिपण उघडलं तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहतं, आधीच्याला कळतही नाही. ब्राउझर सर्व्हरला साधारण मिनिटाने एकदा विचारतो, तेवढ्या फटीत सगळं होऊ शकतं. डोकुविकी घ्या. एकाने पान संपादनाला उघडलं की १५ मिनिटं इतरांना कुलूप, जुन्या आवृत्त्या 'अ‍ॅटिक' फोल्डरात जमतात, डेटाबेस नाही, पानं साध्या मजकूर-फाइली. पायवर पीएचपी असलं की बास.

डबाफिरता
एक राहिलं, कुलूप. एकट्या टिडलीविकी फाइलीला पासवर्ड लावता येतो, आतला मजकूर कूटबद्ध होतो. विसरलात तर कोणी सोडवू शकत नाही, आणि पासवर्ड लावण्याआधीच्या प्रती डाउनलोड्समध्ये उघड्याच पडलेल्या असतात, त्या शोधून पुसा. नोड आवृत्तीत डिस्कवरच्या टिड फाइली साध्याच असतात. तिथे डिस्क कूटबद्ध करणं हाच मार्ग.

शाईचा_डाग
सगळ्यांचे आभार, धागा भलताच सार्थकी लागला. बोरिवली_स्लोंच्या सांगण्यावरून चित्रं बाहेर काढतोय, निम्म्याहून अधिक झाली.

आतापर्यंतचं वाचून मन असं बनलंय: लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे पूर्ण प्रत हवीच, तेव्हा भाड्याचा सर्व्हर रद्द. पाय घेतलाच तर टपालापुरता. आता प्रश्न एवढाच, ४००० टिपणं मार्कडाउनमध्ये न्यायची की टिडलीविकीतच राहायचं? दुवे आणि टॅग मोडतील अशी भीती आहे. आणि एकट्या फाइलीतून फोल्डरात गेलो तर परतीची वाट आहे का?

सॉकेट७
आहे. एकटी फाइल आणि नोड आवृत्ती ही एकाच वहीची दोन रूपं आहेत, हे आधीच सांगायला हवं होतं.

जाताना: 'लोड' आज्ञेला तुमची एचटीएमएल फाइल द्या, पाठोपाठ 'सेव्हविकीफोल्डर' ला फोल्डरचं नाव. फोल्डर नवं किंवा रिकामंच द्या. मग आतली 'टिडलीविकी डॉट इन्फो' उघडून प्लगइनच्या यादीत टिडलीवेब आणि फाइलसिस्टिम ही दोन्ही आहेत ना ते बघा. नसतील तर ब्राउझरमध्ये लिहिलेलं डिस्कवर उतरत नाही, आणि तसं कोणी ओरडूनही सांगत नाही.
येताना: 'रेंडर' आज्ञेने तेच फोल्डर पुन्हा एकट्या एचटीएमएलमध्ये. ती फाइल रोज रात्री आपोआप बनवून फोनवर टाका, गाडीत वाचायला तीच.

नोड लॅपटॉपवरच चालवा, १२७.०.०.१ वर. पायही नको, पासवर्डही नको. टिड फाइलींचं फोल्डर सिंकथिंगला द्या. फक्त नोड चालू असताना बाहेरून बदललेल्या फाइली ती आपोआप वाचत नाही, पुन्हा सुरू करावी लागते.

फणसपोळी
आणि फोनवर लिहायचं ते एका वेगळ्या 'आवक' फोल्डरात, रोज नवी फाइल. जुन्या टिपणाला फोनवर हातच लावायचा नाही. टक्कर होणारच नाही. रविवारी बसून आवक रिकामी करायची. मार्कडाउनचा निर्णय मग निवांत घ्या. टॅग फील्डात असतात, ते स्क्रिप्टने शीर्षभागात नेता येतात. दुवे दोन्हीकडे दुहेरी चौकटी कंसातच. फक्त उभी रेघ असेल तिथे क्रम उलटा: टिडलीविकीत आधी दिसणारा मजकूर मग टिपणाचं नाव, ऑब्सिडियनमध्ये आधी नाव मग मजकूर. अडतील ती मॅक्रो आणि फिल्टर वापरलेली टिपणं. चारशेपेक्षा जास्त असतील तर जाऊ नका.

मात्रावेलांटी
@शाईचा_डाग, फोल्डर करायच्या आधी ऱ आणि ॲ ची शोधा-बदल त्या एकट्या फाइलीवरच उरकून घ्या. एकदा ४००० फाइली झाल्या की जोडक फाइलींच्या नावांतही शिरतो, आणि मग मजकुरातला दुवा दुरुस्त झाला तरी नाव जुनंच राहतं. सगळ्यात आधी मूळ ३८ एमबीची एक प्रत बाजूला काढा. बदल करताना नोटपॅड-प्लस-प्लसमध्ये कूटलेखन 'यूटीएफ-८, बॉमशिवाय' आहे ना तेवढं बघा. आणि साठ-सत्तर चिन्हांपुढची शीर्षकं आत्ताच छाटा.